ट्रक टर्मिनलसाठी झोनिंगची सूट: नकाशाला चार स्टार, अर्जाला दीड

रिव्ह्यू लोक मोबाईलचे लिहितात, हॉटेलांचे लिहितात, मिक्सरचेसुद्धा लिहितात, पालिकेच्या झोनिंग खात्याचा कोणी लिहीत नाही, पण सर्व्हिसच आहे ना ती, फी भरून रांगेत आपणच उभे असतो, मग लिहायला काय हरकत आहे म्हणून लिहितोय. ट्रान्सपोर्टवाल्यांना जागा शोधून द्यायची आणि त्या जागेच्या परवानग्यांच्या मागे धावायचं हे माझं काम, त्यामुळे हे खातं मला तोंडपाठ आहे. पालिकेचं नाव घेत नाहीये, एक तर उद्या परत तिथंच जायचंय, आणि दुसरं म्हणजे याच धंद्यातल्या बाकीच्यांचं ऐकलं तर अनुभव सगळीकडे उन्नीस-बीसच दिसतोय.

ज्यांना विषयच नवीन आहे त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. नवीन ट्रक टर्मिनल, म्हणजे माल एका ट्रकमधून उतरवून दुसऱ्यात चढवायची जागा, कुठं टाकायचं यावर बऱ्याच शहरांनी आता लगाम घातलाय. शहराचा नकाशा रहिवासी, व्यापारी, हलका उद्योग, जड उद्योग असा रंगवलेला असतो आणि टर्मिनल बहुतेक करून फक्त जड उद्योगाच्या रंगात, तिथंही घरं, शाळा, दवाखाने यांच्यापासून ठरावीक अंतर सोडून, आणि तिथंही ट्रक रूटचा, म्हणजे जड ट्रकना ठरवून दिलेला रस्ता लागून असेल तरच. काही ठिकाणी सरळ तात्पुरती बंदी, मोरेटोरियम म्हणतात ती, नवे नियम होईस्तोवर नवीन टर्मिनलचा अर्जच घेणार नाही. आणि या सगळ्यातून ज्याची खरोखर अडचण होतेय त्याच्यासाठी एक दार ठेवलेलं असतं, सूट मागायचं. रिव्ह्यू त्या दाराचा आहे, ऑनलाईन नकाशापासून ते सूट द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या बोर्डाच्या निकालापर्यंत.

तसं हे झोनिंग प्रकरण आजचं नाही. न्यूयॉर्कनं 1916 मध्ये अख्ख्या शहरासाठी झोनिंगचे नियम केले आणि 1926 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं युक्लिड विरुद्ध अँबलर रिअल्टी या केसमध्ये गावाला असे नियम करायचा अधिकार आहे हे सांगून टाकलं. क्लीव्हलंडला लागून असलेलं ते युक्लिड गाव, अँबलर कंपनीची तिथं 68 एकर जमीन, तिला ती उद्योगासाठी विकायची होती आणि गावानं त्यातल्या मोठ्या भागावर उद्योगाला बंदी घातली. किंमत पडली ही तक्रार कोर्टानं ऐकून घेतली पण नियम काही पाडला नाही. आता शंभर वर्षं झाली तरी येणारा प्रत्येक दुसरा क्लायंट तेच घेऊन बसतो, "जमीन माझी, पैसे माझे, पालिका कोण सांगणार", आणि मला दर वेळी सांगावं लागतं की साहेब, ही लढाई आपल्या आजोबांच्या काळातच निकालात निघालीय, आपण आता फक्त सूट मागू शकतो.

आता सेवेकडे येऊ. पहिल्यांदा नकाशा, कारण तो खरंच चांगलाय. प्लॉट नंबर टाकला की झोन, रस्त्याची रुंदी, ट्रक रूट, पूररेषा, सगळं एकावर एक दिसतं, पीडीएफ पण निघते, आणि पूर्वी याच गोष्टीसाठी काउंटरवर मोठ्ठा कागद उलगडून कोपरे धरून उभं राहायला लागायचं ते आठवलं की आताच्या लोकांना किती सोपं झालंय हे कळतं. पण एक गोम आहे. शाळा-घरांपासून सोडायच्या अंतराचा लेअर आपोआप चालू नसतो, डावीकडच्या यादीत खाली खाली जाऊन टिक करावी लागते, आणि ती टिक न करता लोक प्लॉट बघतात, जांभळा रंग दिसला की खूश, जड उद्योग आहे म्हणून इसार देऊन मोकळे. नंतर टिक केल्यावर त्या जांभळ्यावर अर्ध्याहून जास्त तिरप्या रेषा येतात, म्हणजे तिथं टर्मिनल नाही. एवढा महत्त्वाचा लेअर बंद का ठेवलाय हे मी विचारलं तर म्हणे नकाशा हळू लोड होतो. बरं. आणि जे बदल सध्या विचाराधीन आहेत, म्हणजे प्रस्ताव मांडलाय पण मंजूर नाही, ते नकाशावर दिसतच नाहीत, त्यासाठी सभेची विषयपत्रिका वेगळी वाचायची. म्हणून चार, पाच नाही.

काउंटरवरच्या प्लॅनर मॅडमना मात्र माझ्याकडून पाचातले पाच. त्यांच्यासमोर ड्रॉइंग ठेवलं की त्या पहिली गोष्ट बघतात ती बिल्डिंग नाही, गेट. गेटपासून रस्त्यापर्यंत पट्टी लावतात आणि विचारतात, "आत घ्यायला उशीर झाला तर ट्रक कुठं उभे राहणार?" मग डॉकच्या, म्हणजे ट्रक मागून लावून माल चढवतात-उतरवतात त्या दाराच्या समोरची मोकळी जागा मोजतात, कारण मोठा ट्रेलर एका झटक्यात रिव्हर्स घेऊन डॉकला लागायचा असेल तर समोर साधारण 40 मीटर लागतात, आणि आर्किटेक्ट जास्तीचे दोन-चार डॉक कोंबण्यासाठी तिथंच हात मारतो. वळणाचं ड्रॉइंग, म्हणजे ट्रेलरची मागची चाकं वळताना कुठून कुठं घासत जातात ते, त्यांनी एकदा माझ्यासमोर नुसत्या पेन्सिलीनं फिरवून दाखवलं आणि शेजारच्या प्लॉटचा कुंपणाचा खांब त्या रेषेच्या आत आला. बोर्डासमोर तोंडघशी पडण्यापेक्षा काउंटरवर पडलेलं बरं.

पुढचा टप्पा अर्ज, आणि घोडं इथंच पेंड खातं. पहिलाच प्रश्न वापराचा प्रकार कोणता, आणि खाली यादी: गोदाम, पार्किंग यार्ड, ट्रक टर्मिनल, वाहन दुरुस्ती, इतर. आता गोदामाला हलक्या उद्योगाच्या झोनमध्येही परवानगी आहे आणि टर्मिनलला नाही, मग लोक काय करणार, गोदाम टाकणार. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार. पण हे लपत नाही हो. गोदामात माल येऊन राहतो, त्यामुळे इमारत खोल असते, आत रॅक असतात. टर्मिनलमध्ये माल एका ट्रकमधून उतरतो आणि काही तासांत पलीकडच्या ट्रकमध्ये चढतो, म्हणून इमारत लांबलचक, अरुंद आणि दोन्ही अंगांना दारंच दारं. प्लॅनर क्षेत्रफळ बघतो, दारं मोजतो, आणि तुमचं गोदाम तिथंच टर्मिनल होतं. मग अर्ज परत, फी गेली, आणि वरून फाईलवर शेरा की चुकीची माहिती दिली. हे सगळं टाळायला यादीच्या बाजूला दोन ओळी लिहिल्या असत्या, किती दारं म्हणजे टर्मिनल, माल किती वेळ थांबला तर गोदाम, तर अर्धे परत जाणारे अर्ज आलेच नसते. नियमावलीत ते आहे, अगदी सविस्तर आहे, फक्त फॉर्मवर नाही.

त्यानंतर येतो तो चौकोन, ज्याच्यासाठी मी अर्जाला दीड स्टार दिलाय. वर लिहिलंय "सूट मागण्याचे कारण", खाली छोटीशी जागा, बस्स. आता तुम्ही ट्रान्सपोर्टवाले आहात, तुम्ही काय लिहिणार? धंदा वाढलाय, हायवे जवळ आहे, एवढ्या लोकांना काम मिळेल, दुसरीकडे जागा परवडत नाही. सगळं खरं असतं. आणि बोर्डाच्या दृष्टीनं त्यातलं जवळजवळ काहीच कामाचं नसतं, कारण व्हेरियन्स ज्याला म्हणतात त्या सुटीची कसोटी जगात बहुतेक ठिकाणी एकाच धाटणीची आहे: अडचण जमिनीची पाहिजे, मालकाची नाही. म्हणजे प्लॉट तिरका आहे, मधून नाला जातोय, एका कोपऱ्यात उतार आहे, त्यामुळे नियमातलं अंतर सोडलं तर वापरण्यासारखं काही उरतच नाही, असं काहीतरी. आणि ती अडचण तुम्ही स्वतः ओढवून घेतलेली नको. नियम माहीत असताना प्लॉट घेतला, किंवा मोठ्या प्लॉटचे तुकडे पाडून विकले आणि उरलेला तुकडा आता अरुंद पडतोय म्हणून रडत आलात, तर बोर्ड तिथंच थांबवतं. शिवाय मागताना कमीत कमी मागायचं, अंतरात दहा मीटरची सूट पुरत असेल तर तीस मागायचे नाहीत. आणि अंतरात, उंचीत, पार्किंगच्या संख्येत सूट मागणं वेगळं, आणि जिथं टर्मिनलच चालत नाही तिथं टर्मिनल मागणं वेगळं, दुसऱ्याची कसोटी फारच कडक, काही ठिकाणी तर बोर्डाला ती द्यायचा अधिकारच नसतो, झोन बदलायला सभागृहात जायचं. मोरेटोरियममधून सूट हा तिसराच प्रकार, तिथं मुख्य मुद्दा असतो तुम्ही बंदी यायच्या आधी किती पुढं गेला होतात, परवानगी हातात होती का, काम सुरू झालं होतं का. या तीनही गोष्टींना फॉर्म एकच, चौकोन एकच. कोणीही नवखा माणूस यात बरोबर भरेल असं मला तरी वाटत नाही.

मोरेटोरियमबद्दल अजून एक, कारण लोक म्हणतात बंदी घातली तर कोर्टात खेचू. अमेरिकेत लेक टाहोच्या केसमध्ये 2002 साली सुप्रीम कोर्टानं 32 महिने चाललेली बांधकामबंदी म्हणजे आपोआप जमीन हिसकावून घेणं होत नाही असा निकाल दिला. देशोदेशीचे कायदे वेगळे असतात हे मान्य, पण "तात्पुरती" हा शब्द पालिका उगाच वापरत नाहीत एवढं लक्षात घ्या.

अंतर कुठून कुठं मोजायचं हा एक वेगळाच तमाशा. नियम म्हणतो घरांपासून इतकं अंतर. पण घराच्या भिंतीपासून का घराच्या प्लॉटच्या हद्दीपासून? आणि इकडं टर्मिनलच्या कुंपणापर्यंत का डॉकच्या दारापर्यंत? मोठ्या यार्डात या दोन मापांमध्ये शंभर मीटरचा फरक सहज पडतो, म्हणजे एका पद्धतीनं सूट मागायचा अर्ज लागतच नाही आणि दुसऱ्या पद्धतीनं तो नामंजूर होतो. आमच्या इथं एका अधिकाऱ्यानं कुंपणापासून मोजलं, त्याची बदली झाल्यावर दुसऱ्यानं दारापासून, प्लॉट तोच. कॅलिफोर्नियानं 2024 मध्ये मोठ्या गोदामांसाठी एबी 98 नावाचा कायदा केला, त्यातलं बाकी पटो न पटो, पण हे त्यांनी नीट लिहून ठेवलंय: 2.5 लाख चौरस फूट आणि त्यावरच्या नव्या लॉजिस्टिक्स इमारतीचं ट्रकचं लोडिंगचं दार, घरं किंवा शाळा जवळ असतील तर, त्यांच्या प्लॉटच्या हद्दीपासून सरळ रेषेत 300 फूट, आणि त्यासाठी झोन बदलून घ्यावा लागत असेल तर 500 फूट. दार कुठलं, हद्द कुणाची, रेषा कशी, सगळं स्पष्ट. आमच्या पालिकेला एवढं एक वाक्य उचलायला काय लागतं?

सुनावणी. इथं मी ट्रान्सपोर्टवाल्यांच्या बाजूनं बोलेन असं वाटत असेल तर थांबा. शेजारी राहणाऱ्या लोकांच्या हरकती बऱ्याचदा आपल्या अर्जापेक्षा चांगल्या तयार केलेल्या असतात. एका सुनावणीत एक बाई उठल्या, काही बोलल्याच नाहीत, मोबाईल माईकला लावला आणि जुन्या यार्डातला रात्रीचा आवाज ऐकवला, रिव्हर्स घेताना तो बीप-बीप-बीप, मध्ये ट्रेलर जोडताना धाडकन लोखंडावर लोखंड, आणि खाली सतत रेफ्रिजरेटेड ट्रेलरच्या इंजिनची घरघर. अख्खा हॉल गप्प. आमचे वकीलसाहेब त्यानंतर उठून रोजगारावर बोलायला लागले, कोण ऐकतंय! आणि विषय नुसत्या आवाजाचा नाही. डिझेलचा धूर माणसाला कॅन्सर करतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 2012 मध्येच पहिल्या गटात टाकून सांगितलंय. रस्त्यांचं तर विचारूच नका. 1950 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत इलिनॉयमध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवून चाचण्या केल्या, त्यातून आलेला ढोबळ नियम असा की ॲक्सलवरचं, म्हणजे चाकांच्या एका आसावरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याचं नुकसान साधारण सोळापट होतं. गल्लीच्या रस्त्यावर हे असलं वजन रोज जायला लागलं तर गल्लीतली माणसं भांडणारच, आपणही भांडलो असतो.

मात्र सुनावणीची व्यवस्था म्हणून जी काही आहे ती दोन स्टारच्या वर जात नाही. विषयपत्रिकेत तुमचा नंबर असतो, वेळ नसते. सकाळपासून बसा, संध्याकाळी कोरम गेला म्हणून पुढच्या महिन्यात या. ट्रॅफिक स्टडी करायला सांगतात, पण कुठल्या दिवसाची, कुठल्या चौकातली मोजणी पाहिजे हे आधी सांगत नाहीत, आणि तुम्ही दिवसाची आणलीत की सदस्य विचारतात रात्रीची कुठंय. टर्मिनलचं खरं काम रात्री आणि पहाटे असतं हे सगळ्यांना माहीत आहे, मग फॉर्मवरच लिहा ना.

सूट मिळाली तर ती नुसती मिळत नाही, अटींसकट मिळते, आणि या अटी लिहिण्यात हे खातं खरं तर हुशार आहे. बीप-बीपऐवजी भसभस आवाजाचे, व्हाइट नॉइज म्हणतात ते अलार्म यार्डातल्या गाड्यांना लावा, तो आवाज लांबपर्यंत टोचत नाही. रेफ्रिजरेटेड ट्रेलर उभे असतील तिथं विजेचे प्लग द्या म्हणजे इंजिन बंद ठेवता येईल. घरांच्या बाजूला डॉक नको, ऑफिस ठेवा, इमारतच भिंतीचं काम करेल. गेट रस्त्यापासून आत घ्या. यातली शेवटची अट मला सगळ्यात जास्त पटते कारण ती कोणाला रोज पाळावी लागत नाही, एकदा बांधली की बांधली. अलार्मची अट मात्र कागदावरच राहते, बाहेरून येणाऱ्या गाड्यांना तुम्ही काय लावणार? आणि लक्षात असू द्या, अशा अटी सहसा जमिनीला चिकटतात, माणसाला नाही, उद्या तुम्ही यार्ड विकलंत तर घेणाऱ्याच्या बोडक्यावर त्या जातात, तेव्हा जुनं यार्ड घेताना जुना निकाल मागून वाचा.

जुन्या यार्डवरून आठवलं. नियम नवीन टर्मिनलला लागू, आधीपासून चालू असलेल्याला नाही, ते चालू ठेवता येतं, फक्त बरेच दिवस बंद राहिलं तर तो हक्क जातो. ऐकायला बरोबर वाटतं पण परिणाम बघा: घरांना सगळ्यात चिकटून असलेली, कुठलीही अट नसलेली जुनी यार्ड तशीच राहतात, आणि लांब, नीट बांधायला तयार असलेल्या नव्या माणसाला दार बंद. वर जुन्या जागांचे भाव चढतात. अमेरिकेत यलो नावाची मोठी ट्रकिंग कंपनी 2023 मध्ये बुडाली, तीस हजाराच्या आसपास लोकांचं काम गेलं, पण तिच्या टर्मिनलवर बाकीच्या कंपन्यांच्या उड्या पडल्या. डिसेंबर 2023 मध्ये 130 टर्मिनल जवळपास 188 कोटी डॉलरला गेली, त्यातली 28 एकट्या एक्सपीओ या ट्रकिंग कंपनीनं 87 कोटी डॉलरला घेतली. धंदा बसलेला आणि जागेला एवढा भाव, याचं एक मोठं कारण हेच की तशी जागा आज नव्यानं परवानगी काढून उभी करणं महाकर्मकठीण. आणि यार्डच नाही म्हटल्यावर ट्रक कुठं जातात? हायवेच्या कडेला, पुलाखाली, बंद पंपावर. 2009 मध्ये जेसन रिव्हनबर्ग हा ड्रायव्हर रात्री थांबायला सुरक्षित जागा न मिळाल्यानं एका बंद पेट्रोल पंपावर थांबला आणि तिथं लुटारूनं त्याला मारलं, त्याच्या नावानं 2012 मध्ये अमेरिकेत ट्रक पार्किंगसाठी कायदा आला. सूट नाकारणाऱ्या ठरावात हा भाग कधीच नसतो. शेजारच्या लोकांची बाजू मांडायला शेजारी येतात, ड्रायव्हर सुनावणीला येत नाही, तो गाडीवर असतो.

तर ही सेवा वापरावी का? दुसरा पर्याय नाही, वापरावीच लागते. पण इसार द्यायच्या आधी तो अंतराचा लेअर टिक करा, सगळ्यात आधी काउंटरवर कच्चं ड्रॉइंग घेऊन जा, अर्जाच्या त्या चौकोनात फक्त "सोबत जोडपत्र पाहावे" लिहा आणि जोडपत्रात जमिनीबद्दल बोला, उतार, नाला, आकार, फोटो, सर्व्हेयरची सही. शेजाऱ्यांना सुनावणीच्या दिवशी पहिल्यांदा भेटू नका, आधी जाऊन रात्रीचा आवाज काय असणार ते सांगा, शिव्या खाव्या लागतील, खा. अंतर कुठून मोजणार ते लेखी विचारा आणि उत्तर फाईलला लावा, नाहीतर अधिकारी बदलला की तुमचं माप पण बदललं.

आणि निकालाची वाट पोर्टलवर बघत बसू नका. निकाल फाईलला लागला की अपिलाची मुदत तिथूनच मोजायला लागतात, मुदत छोटी असते, आणि पोर्टलवर स्टेटस तेव्हाही "प्रक्रियेत"च दिसत असतं, हे माझ्या एका क्लायंटच्या बाबतीत झालंय. बोर्डाच्या सचिवांकडे स्वतः जाऊन तारीख टाकलेली प्रत घ्या.